सैनिकाच्या कुंचल्यांतील किल्ला

विद्यार्थिमित्रहो, किल्ला हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनश्चक्षूंपुढें तट, बुरूज, दरवाजा व त्यावर फडकणारें निशाण हीं उभीं राहतात. सहलीहून परत आल्यावर आपल्यापैकीं पुष्कळजण चित्रकलेच्या वहींत किल्ल्याचें चित्र काढतात. त्या चित्रांत तट असतो, बुरूज असतो, निशाण तर असतेंच असतें. परंतु तटासाठीं दगड वाहणारा मजूर, पायथ्याच्या वाडींत राहणारें कुटुंब, किंवा दरवाजाबाहेर अडविला गेलेला वाटसरू त्यांत सहसा आढळत नाहीं. ही उणीव केवळ विद्यार्थ्यांच्याच चित्रांत असते असें मात्र नव्हे. ज्यांचा हात उत्तम वळलेला आहे, ज्यांची रेघ कधीं चुकत नाहीं, अशा चित्रकारांच्या कृतींतही ती आढळते. प्रस्तुत लेखांत अशाच एका चित्राचा अभ्यास करण्याचें आम्ही योजिलें आहे. चित्र आहे उत्तर अमेरिकेंतील फोर्ट स्नेलिंग या किल्ल्याचें. आणि तें काढणारा सेथ ईस्टमन हा स्वतः त्याच किल्ल्याचा एके काळचा मुख्य अधिकारी होता.

सैनिक चित्र कां काढतो?

छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं. तत्पूर्वीं परक्या मुलखांत शिरणाऱ्या सैन्यास डोळ्यांवर व हातावरच विसंबून राहावें लागे. नदीस उतार कोठें आहे, कडा किती उभा आहे, तटाच्या कोणत्या अंगास तोफ चढवितां येईल, हें शब्दांनीं सांगून भागत नसे. तें काढूनच दाखवावें लागे. म्हणून लष्करी विद्यालयांत चित्रकला हा शोभेचा विषय नव्हता, तो कामाचा विषय होता. इंग्लंडांत वुलिच येथील लष्करी विद्यालयांत पॉल सँडबी हा नामांकित चित्रकार १७६८ पासून तोफखान्याच्या उमेदवारांस रेखाटन शिकवीत असे. अमेरिकेंत वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांतही हाच पाठ होता. आपल्या इकडील कंपनीच्या अधिकाऱ्यांतही रेखाटनाची आवड पुष्कळ पसरली होती. मुंबई लष्करांतील रॉबर्ट मेल्विल ग्रिंडले यानें पश्चिम हिंदुस्थानांतील देखाव्यांचा जो चित्रसंग्रह १८२६ ते १८३० च्या दरम्यान लंडन येथें प्रसिद्ध केला, त्यांत आपल्या दौलताबादच्या किल्ल्याचेंही चित्र आहे.

अशा चित्राची रीत ठराविक असते. प्रथम उभें राहण्याची जागा निवडावयाची. मग क्षितिजरेषा ठरवावयाची. जवळच्या वस्तू मोठ्या व गडद, दूरच्या लहान व फिकट दाखवावयाच्या. आणि प्रत्येक कोन, प्रत्येक अंतर पारखून मगच रेघ ओढावयाची. यांत कल्पनेस वाव थोडा असतो, परंतु डोळा विलक्षण तयार होतो. सेथ ईस्टमनचा डोळा असाच तयार झाला होता.

किल्ला आणि संगम

चित्राकडे वळण्यापूर्वीं ती जागा समजून घेऊं. मिसिसिपी नदीस जेथें पश्चिमेकडून मिनेसोटा नदी येऊन मिळते, तेथें एक उंच कडा दोन्ही प्रवाहांवर पुढें झुकलेला आहे. नद्यांच्या संगमास आपल्या देशांत केवढें पावित्र्य मानतात हें सांगावयास नको. डकोटा लोकांचीही भावना अशीच आहे. या संगमास ते 'ब्डोटे' म्हणतात. आणि त्यांच्यापैकीं कित्येकांची अशी श्रद्धा आहे कीं, आपल्या जातीचा उगमच येथें झाला.

१८०५ सालीं झेब्युलॉन पाईक नांवाचा एक लेफ्टनंट येथें आला आणि डकोटांच्या दोन पुढाऱ्यांच्या सह्या घेऊन त्यानें सुमारें एक लक्ष एकर जमीन किल्ल्यासाठीं मागून घेतली. करारांत रकमेची जागा कोरीच होती. या जमिनीची किंमत दोन लक्ष डॉलर होईल असा खुद्द पाईकचाच अंदाज होता; परंतु १८०८ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ सभेनें त्या कोऱ्या जागीं दोन हजार डॉलरांचा आंकडा घातला. म्हणजे एकरी दोन सेंट! आणि तेवढ्या किंमतीचा माल डकोटांच्या हातीं पडला तो १८१९ सालीं, करारानंतर चौदा वर्षांनीं.

१८२० सालीं कर्नल जोसाया स्नेलिंग याच्या देखरेखीखालीं बांधकामास आरंभ झाला व १८२५ च्या सुमारास तें पुरें झालें. चुनखडीचा दगड तेथल्या तेथेंच काढून सैनिकांनींच हा किल्ला उभारला. पत्त्यांतील चौकटच्या चिन्हाप्रमाणें त्याचा आकार आहे, आणि कोपऱ्यांवर बुरूज आहेत. त्यांपैकीं जमिनीकडील गोल बुरूज फार प्रसिद्ध आहे. कॅनडाकडून येणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांचा केसाळ कातड्यांचा व्यापार आपल्या हातीं यावा, डकोटा व ओजिब्वे या दोन जातींत लढाया होऊं नयेत, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनीं परवानगीवांचून पुढें सरकूं नये, हे किल्ल्याचे उघड हेतू होते. नवल हें कीं, एवढ्या दणकट तटावर शत्रूनें कधींच हल्ला केला नाहीं. किल्ल्याचें काम तोफेनें झालें नाहीं. त्याच्या नुसत्या उभें राहण्यानें झालें. किल्ल्यामागून व्यापारी आले, त्यांच्यामागून करार आले, आणि १८५१ च्या दोन करारांनीं डकोटांच्या हातून सुमारें दोन कोटी चाळीस लक्ष एकर भूमि गेली.

चित्रकाराचें चरित्र

सेथ ईस्टमनचा जन्म १८०८ सालीं मेन प्रांतांतील ब्रन्सविक या गांवीं झाला. १८२९ सालीं वेस्ट पॉइंटचा अभ्यासक्रम पुरा करून तो सैन्यांत दाखल झाला आणि लौकरच फोर्ट स्नेलिंग येथें नेमला गेला. त्या वेळीं तो बावीस वर्षांचा तरुण होता. तेथें त्यानें डकोटा रीतीप्रमाणें एका डकोटा तरुणीशीं विवाह केला. तिच्या नांवाचा अर्थ 'पवित्रपणें उभी राहणारी' असा होतो. तिचा पिता माह्पिया विचाश्ता, म्हणजे 'मेघपुरुष', हा एका गांवाचा मुख्य होता. शिकारीवर भागत नाहीं हें ओळखून १८२९ सालीं त्यानें आपल्या लोकांना सरोवराकांठीं शेती करावयास लाविलें होतें. सॅम्युएल व गिडियन पाँड हे दोघे मिशनरी बंधू १८३४ सालीं याच गांवीं येऊन राहिले आणि त्यांनीं डकोटा भाषेस वर्णमाला करून दिली.

ईस्टमनला या विवाहापासून एक कन्या झाली. परंतु ती लहान असतांनाच त्याची बदली झाली. हा विवाह संपला असें मानून तो निघून गेला. पुढें वेस्ट पॉइंट येथें १८३३ ते १८४० पर्यंत त्यानें चित्रकला शिकविली, भूप्रदेशाच्या रेखाटनावर १८३७ सालीं एक पाठ्यपुस्तक लिहिलें, आणि १८३५ सालीं मेरी हेंडरसन हिच्याशीं लग्न केलें. १८४१ सालीं तो पुन्हां फोर्ट स्नेलिंगला आला, या खेपेस किल्ल्याचा मुख्य अधिकारी म्हणून व आपल्या नव्या कुटुंबासह. त्याची डकोटा कन्या त्या वेळीं सुमारें दहा वर्षांची होती.

१८४८ पर्यंतच्या या वास्तव्यांत त्यानें अविश्रांत चित्रें काढिलीं. डकोटा स्त्रिया होडींत बसून पाणथळींतील रानटी भात गोळा करीत आहेत, मेपल वृक्षांचा रस आटवून साखर करीत आहेत, तरुण चेंडूचा खेळ खेळत आहेत, अशीं त्याचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. त्याच्या पत्नीनें डकोटांच्या कथा ऐकून १८४९ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. स्कूलक्राफ्ट या संशोधकाच्या अमेरिकेंतील मूळ रहिवाशांवरील सहा खंडांच्या ग्रंथासाठीं पुढें ईस्टमननें शेंकडों चित्रें पुरविलीं. सांगण्याचा हेतू हा कीं, ईस्टमन डोळे मिटून वागणारा मनुष्य नव्हता. त्यानें पाहिलें, आणि पुष्कळ पाहिलें.

चित्र

आतां आपल्या चित्राकडे येऊं. १८६३ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें ईस्टमन सैन्यांतून निवृत्त झाला. पुढें वॉशिंग्टन येथील लोकप्रतिनिधींच्या सभेनें त्याजकडे दोन कामें सोंपविलीं. १८६७ सालीं मूळ रहिवाशांसंबंधीं नेमलेल्या समितीच्या दालनासाठीं नऊ चित्रें, आणि १८७० सालीं लष्करी समितीच्या दालनासाठीं देशांतील किल्ल्यांचीं सतरा चित्रें. १८७५ च्या ऑगस्टमध्यें वेस्ट पॉइंटच्या चित्रावर काम चालू असतांनाच तो वारला. या सतरा चित्रांपैकींच एक फोर्ट स्नेलिंगचें आहे.

तैलरंगांतील हें चित्र शांत आहे. कड्याच्या माथ्यावर किल्ल्याच्या फिकट भिंती दिसतात. खालीं नदीचें पाणी वाहत आहे. वर मोकळें आकाश आहे. धूर नाहीं, तोफ नाहीं, धांवपळ नाहीं. भिंत कोठें वळते, कड्याचा उतार कोठें तुटतो, हें सारें ओळखीच्या हातानें काढलेलें आहे. आणि तें साहजिकच, कारण किल्ल्याची त्यानें पूर्वीं काढलेलीं रेखाटनें होतीं, आणि तेथें त्यानें आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं होतीं. समितीसही युद्धाचे देखावे नको होते. किल्ले हवे होते. ईस्टमननें मागितलेलें काम प्रामाणिकपणें पुरें केलें. चित्रांत खोटी रेघ नाहीं.

चौकटीबाहेरचें

परंतु चित्रांत खोटें कांहीं नाहीं, एवढ्यावरून त्यांत सारें खरें आलें असें होत नाहीं. चौकटीबाहेर काय राहिलें तें पाहूं.

पहिली गोष्ट भिंतींच्या आंतली. या प्रदेशांत गुलामगिरीस कायद्यानें बंदी होती. तरीसुद्धां किल्ल्यांतील अधिकारी आपले गुलाम बरोबर आणून बाळगीत. त्यांपैकीं ड्रेड स्कॉट हा १८३६ पासून येथें एका लष्करी डॉक्टराच्या सेवेंत होता. येथेंच त्याचें हॅरिएट रॉबिन्सन हिच्याशीं लग्न झालें. आम्ही स्वतंत्र भूमीवर राहिलों, म्हणून आम्ही स्वतंत्र आहों, असा दावा या पतिपत्नींनीं पुढें न्यायालयांत लाविला. १८५७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला आणि काळा मनुष्य देशाचा नागरिक होऊंच शकत नाहीं असा निर्णय दिला. या निर्णयानें देशांत जो क्षोभ झाला, तो पुढील यादवी युद्धाच्या कारणांपैकीं एक मानतात. त्या मोठ्या दाव्याचें मूळ या शांत भिंतींच्या आंत होतें.

दुसरी गोष्ट भिंतींच्या खालची. १८६२ सालीं डकोटांचें पीक बुडालें, करारांतील पैसा वेळेवर आला नाहीं, आणि उपासमारीनें गांजलेल्या कांहीं डकोटांनीं ऑगस्टमध्यें शस्त्र उचललें. सुमारें सहा आठवडे युद्ध झालें. शेंकडों गोरे वसाहतवाले, त्यांत बायकामुलेंही, मारले गेले. ही हानि झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. परंतु त्यानंतर जें झालें तेंही झांकतां कामा नये. २६ डिसेंबर १८६२ या दिवशीं मॅनकेटो येथें ३८ डकोटा पुरुषांस एकाच वेळीं फांशीं दिलें. आणि ज्यांच्यावर कांहींही शाबीत झालेलें नव्हतें असे सुमारें १६०० डकोटा, बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध, नोव्हेंबरमध्यें चालवीत आणून फोर्ट स्नेलिंगच्या कड्याखालीं नदीकांठच्या सखल जागेंत कोंडून ठेविले. भोंवतीं लांकडी कुंपण घातलें. त्या हिंवाळ्यांत गोंवर व इतर रोगांनीं तेथें किती जीव गेले याचे अंदाज १३० पासून ३०० पर्यंत आहेत. उरलेल्यांना १८६३ च्या मे महिन्यांत आगबोटींत भरून दूर क्रो क्रीक येथें पाठविलें. त्या तळाचें एक छायाचित्र आज उपलब्ध आहे: कुंपणाच्या आंत तंबूंच्या दाट रांगाच रांगा.

त्या हिंवाळ्यांत कुंपणाच्या आंत जे मरण पावले त्यांमध्यें वृद्ध मेघपुरुष हाही होता. ज्यानें आपल्या लोकांना नांगर धरावयास शिकविलें, मिशनऱ्यांना आपल्या गांवीं आसरा दिला, आणि ज्याची कन्या एके काळीं ईस्टमनच्या घरीं नांदली, तोच हा वृद्ध. पवित्र संगमाच्या कांठीं, आपल्या एके काळच्या जांवयाच्या किल्ल्याखालीं, त्याचा अंत झाला. ईस्टमननें तैलचित्र रंगविलें तें यानंतर सात वर्षें उलटून गेल्यावर. चित्रांतील कडा तोच आहे. नदी तीच आहे. पण कुंपण नाहीं.

आजोबांचें नांव

येथें आमच्या मनांत विषाद दाटतो. परंतु या कथेचा शेवट येथें होत नाहीं.

ईस्टमनची डकोटा कन्या मोठी होऊन विवाहित झाली आणि १८५८ सालीं आपल्या शेवटच्या पुत्रास जन्म दिल्यावर थोड्याच काळांत वारली. तो मुलगा चार वर्षांचा असतांना १८६२ चें युद्ध पेटलें. आजीनें व चुलत्यानें त्याला घेऊन कॅनडाची वाट धरली. बाप फांशीं गेला असें सर्वांनीं धरून चालले होते. वास्तविक तो तुरुंगांत होता, आणि पुढें त्याची सुटका झाली. मुलगा पंधरा वर्षांचा असतांना बाप त्याला शोधीत आला व शाळेंत घालण्यासाठीं घेऊन गेला. बापानें आपल्या पत्नीच्या पित्याचें आडनांव स्वीकारलें होतें. तेंच मुलाला मिळालें. चार्ल्स ईस्टमन या नांवानें तो १८८७ सालीं डार्टमथ कॉलेजांतून पदवीधर झाला आणि १८९० सालीं बोस्टन येथें वैद्यकाची परीक्षा उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस वूंडेड नी येथें सैन्याच्या गोळीबारांत जे डकोटांचे भाऊबंद जखमी झाले, त्यांची शुश्रूषा या तरुण डॉक्टरानें केली. पुढें १९०२ सालीं त्यानें आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलें, आणि तें देशोदेशीं वाचलें गेलें.

आजोबांनीं कुंचल्यानें किल्ला बाहेरून दाखविला. नातवानें लेखणीनें किल्ल्याबाहेरचें जग आंतून दाखविलें. आजोबांच्या चौकटींत जें मावलें नाहीं, त्यांतलें पुष्कळसें नातवाच्या पानांवर उतरलें. दोन्हीं मिळून पाहिल्यावांचून त्या संगमाची ओळख पुरी होत नाहीं.

या चित्रापासून काय शिकावें?

आज फोर्ट स्नेलिंग हें मिनीआपोलिस व सेंट पॉल या दोन शहरांच्या शेजारीं एक जतन केलेलें ऐतिहासिक स्थळ आहे. १९४६ सालीं तेथील लष्करी तळ बंद झाला व १९६० सालीं त्यास राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. तटाचा पुष्कळसा भाग नव्यानें उभारलेला आहे. तेथें जाणाऱ्यांस आतां किल्ल्याची कथा, ड्रेड स्कॉटची कथा व डकोटांची कथा, तीन्ही सांगितल्या जातात. एका चित्रास जें सांगतां आलें नाहीं, तें त्या भूमीनें अखेर सांगितलेंच.

विद्यार्थिमित्रहो, ईस्टमनला दूषण देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें आपला कांहींच फायदा होणार नाहीं. त्याची रेघ सच्ची होती, आणि त्याच्यामुळेंच डकोटांच्या जीवनाचे पुष्कळ देखावे आपणांस दिसतात, हें उपकार मान्य करूनच पुढें जावें. परंतु कोणतेंही चित्र पाहतांना, तें कितीही सुंदर असो, तीन प्रश्न मनाशीं विचारण्याची संवय लावून घ्यावी. तें कोणीं काढलें? कोणासाठीं काढलें? आणि चौकटीच्या बाहेर कोण उभें आहे? ग्रिंडलेचें दौलताबाद पाहतांनाही हेच प्रश्न विचारावे, आणि इतिहासाच्या पुस्तकांतील प्रत्येक विजयाच्या चित्रासही हेच विचारावे.

आणि पुढच्या सहलीहून परत आल्यावर आपण जेव्हां किल्ल्याचें चित्र काढूं, तेव्हां तट व बुरूज नीट मापून काढावे; सैनिकाच्या डोळ्याची ती शिस्त चांगलीच आहे. मात्र वही मिटण्यापूर्वीं क्षणभर थांबून पायथ्याकडे पाहावें. तेथें एखादी वाडी असेल, एखादी पायवाट असेल, पाण्याचा हंडा घेऊन चढणारी एखादी बाई असेल. तिच्यासाठीं कागदावर थोडी जागा ठेवावी.